फक्कीचं जहाज

१

रोज सकाळी साडेसातला अब्दुल गनीची स्कूटर शालूबाईच्या दारात थांबायची. पायाशी ठेवलेला गोड्या पाण्याचा वीस लिटरचा जार उतरवायचा, ओसरीतल्या तिपाईवर ठेवायचा, कालचा उचलायचा, आणि दोन घोट काळा चहा पिऊन निघायचं. गावाला त्याची इतकी सवय झाली होती, की एखाद्या दिवशी स्कूटर दिसली नाही तर लोक विचारायचे, "गनीभाई बिमार हायेत का?"

वरवट बकालच्या जमिनीत पाणी आहे, पण ते खारं. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, घोटभर तोंडात घेतलं की तोंड वाकडं होतं. धुण्याभांड्याला चालतं, प्यायला प्लांटवरचं आणावं लागतं. शालूबाईनं उमेदीची सगळी वर्षं तेच खारं पाणी प्यालं होतं, आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्या किडन्या गेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी शेगावला मशीनवर जायचं, आणि दिवसाला मोजून तीन पेले पाणी, असं डॉक्टरनं सांगितलेलं. तीन पेल्यांसाठी एवढा जार कशाला, हे तिनं कधी विचारलं नाही. गनीनंही सांगितलं नाही. पंपाच्या मोटरी वाइंडिंग करायचं त्याचं दुकान बसस्टँडजवळ. शालूबाईचं दोन खोल्यांचं घर गावाबाहेर, तिच्या वावराच्या बांधाला. त्या दाराशी यायला त्याला रोज काहीतरी कारण लागायचं.

शालूबाईचा नवरा पुंजाजी आणि अब्दुल गनी एकाच दिवशी नेवीत भरती झाले होते. विशीतली पोरं, तोवर समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता. नशिबानं दोघांना एकच जहाज मिळालं. 'मंदार' त्याचं नाव. रणगाडे आणि माणसं किनाऱ्यावर उतरवणारं, ऐंशी मीटर लांब, राखाडी. छत्तीस वर्षांपूर्वी ते जहाज अंदमानहून परत येत असताना, एका सकाळी हजेरीला पुंजाजी नव्हता. तीन दिवस समुद्र धुंडाळला. कोणीतरी त्याला आदल्या संध्याकाळी कठड्याजवळ उभं असलेलं पाहिलं होतं. पाण्यात पडला, असं ठरलं. मुलगी पुष्पांजली तेव्हा पोटात होती. शालूबाईनं त्या दिवसापासून ना कुंकू पुसलं, ना कधी वाट बघते असं कोणाला म्हटलं.

त्या सकाळी गनीनं जार ठेवला, पण कप हातात घेतला नाही.

"वहिनी, मंदार बुडवून राह्यले."

"कोन बुडवून राह्यलं?"

"सरकारच. जुनं झालं ना. भंगारात तोडण्यापरीस कोकनात समुद्राच्या तळाले ठेवतात. मंग त्या लोखंडावर प्रवाळ धरते, मासे घर करतात, लोकं डुबक्या मारून पाह्यले येतात. आमाले, जुन्या लोकायले, बलावलं हाये."

शालूबाई पायाकडं बघत राहिली. पाय सुजलेले होते, मंगळवार उद्यावर होता.

"म्हंजे आता तेबी तथीच जाते," ती म्हणाली, "जथी हे गेले."

गनीनं तिपाईवरचा जार उगाच सरळ केला.

"मले काही जाता येत नाई. मशीन सोडून चार दिस कोन जाऊ देते? तुमी जा."

"मीबी नाई जात. मोबाइलवर दाखवनार हायेत. अथीच बसून पाहू."

"मोबाइलवर एवढूसं दिसते, गनीभाऊ." तिनं बोटांनी इतकुसा आकार दाखवला. "मले किती मोठं होतं ते दाखवा. ते कुठी झोपत होते, कुठी जेवत होते. छत्तीस वर्सं झाली, मी त्याईले कोन्या खोलीत इचारात आनावं तेच मले माईत नाई."

२

हरभरा निघून गेला होता. वावर मोकळं, एप्रिलचं ऊन, आणि काळ्या मातीला भेगा पडायला सुरुवात झालेली. गनीनं खामगावहून फक्कीची चार पोती आणली, तीच पांढरी पूड जी कबड्डीच्या मैदानावर मारतात. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि जहाजाच्या मागच्या टोकापासून सुरुवात केली.

त्याला वाटलं होतं, आठवावं लागेल. आठवावं लागलंच नाही. पायांनाच सगळं माहीत होतं. इथं सुकाणूच्या यंत्राची खोली, तिच्यापुढं इंजिन, मग डाव्या हाताला अरुंद बोळ, बोळात भटारखाना, जेवणाची खोली, मग झोपायच्या जागा, एकावर एक तीन फळ्या. दाराच्या जागी तो मोकळी फट सोडत गेला. दुसऱ्या दिवशी बांधावरून शेजारचा मोतीराम बराच वेळ बघत होता.

"काय गनीभाई, कबड्डीचे सामने हायेत का? अन् असं वाकून काऊन चालून राह्यले?"

तेव्हा गनीच्या ध्यानात आलं. उघड्या वावरात, डोक्यावर आभाळाशिवाय काही नसताना, प्रत्येक दाराच्या फटीतून जाताना तो मान खाली घालत होता.

तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर शालूबाई आली. रेघेबाहेर तिनं चपला काढल्या. गनी पुढं, ती मागं, अशी ती बोळातून चालली. एकही रेघ तिनं ओलांडली नाही; गनी ज्या फटीतून जाई त्याच फटीतून ती जाई.

"ही त्याची जागा. खालची फळी. वर मी."

सहा फूट लांब, दोन फूट रुंद पांढरी चौकट. शालूबाई तिच्या कडेला ढेकळांवर बसली. मग हाताला धरायला काही नसल्यासारखी चाचपडत चौकटीत आडवी झाली, डोळे मिटले.

"एवढ्यात?"

"एवढ्यातच."

"कड कशी बदलत असतील व माय?" ती स्वतःशीच म्हणाली. बराच वेळ ती तशीच पडून राहिली. गनी दुसरीकडं बघत उभा राहिला.

उठल्यावर ती सगळीकडं हिंडली. जेवायची खोली, दारूगोळ्याची, रंगाचे डबे ठेवायची. त्या खोलीच्या मागं, जहाजाच्या पोटाशी, सात पावलं लांब आणि तीन पावलं रुंद एक चौकट होती. तिला फट नव्हती.

"हे काय हाये?"

गनीनं तिकडं पाहिलं. ही चौकट आपण कधी आखली ते त्याला आठवेना.

"काही नाई. रिकामी जागा. जहाज तरंगाले पोकळी लागते तशी."

"दार?"

"दार नसते तिले. वरून झाकन असते, नट लावून बंद करतात."

शालूबाई रेघेच्या अलीकडं उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला, तव्याची आच बघतात तसा.

"अथी गार लागून राह्यलं," ती म्हणाली.

त्या दिवशी बेचाळीस डिग्री तापमान होतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी जार ठेवून गनी सहज वावरात डोकावला. सगळ्या रेघा जशाच्या तशा होत्या. फक्त त्या बिनदाराच्या चौकटीची एक बाजू वीतभर पुसलेली होती.

कुत्रं लोळलं असेल. मुंगूस गेलं असेल. वारा म्हणावा तर वाऱ्यानं एकच वीत कशी निवडली? तो उकिडवा बसला. पूड बाहेरच्या बाजूला ढकललेली होती. म्हणजे जे काही होतं ते आतून बाहेर निघालं, किंवा निघू पाहत होतं. पण आत जायची खूण कुठंच नव्हती. पाऊल नाही, नखं नाहीत, केस नाहीत.

त्यानं फक्की आणून रेघ पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी तीच जागा, तीच वीत. तिसऱ्या दिवशी दोन विता.

घरी गुलनारनं, त्याच्या बायकोनं, सकाळच्या चहाबरोबर सांगितलं, "अजी, रात को पलंग ठोकते तुम. नींद में. कुछ दिनों से रोज."

"ठोकता हूँ? कैसे?"

तिनं बशीवर चमचा वाजवून दाखवला. तीन टोले, मग थांबून दोन.

गनीनं चहा तसाच ठेवला. पन्नास वर्षांचा संसार नसला तरी छत्तीसाच्या वरचा होता, आणि या बाईला त्यानं त्या टोल्यांबद्दल एकदाही सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी भर दुपारी तो वावरात गेला. लाइन गेली होती, त्यामुळं गावातल्या सगळ्या मोटरी बंद, पाखरूही ओरडत नव्हतं. तो चौकटीच्या कडेला बसला. काळ्या मातीची भेग हात जाईल इतकी रुंद झाली होती, आणि ती चौकटीच्या आतून निघून त्याच्या पायाजवळ येत होती. त्यानं कान लावला. पोरकट वाटलं, तरी लावला.

आधी काही नाही. मग खूप खालून, मातीतून येत नाही असा, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज.

टक, टक, टक. टक, टक.

कोणाच्या बोअरचा पाइप तापला असेल, तो स्वतःला म्हणाला. लोखंड तापतं, निवतं, वाजतं. छत्तीस वर्षांपूर्वीही तो स्वतःला अगदी हेच म्हणाला होता.

४

त्या आठवड्यात पुंजाजी आणि तो, दोघांना ती पोकळी आतून रंगवायचं काम मिळालं होतं. वर गोल झाकण, त्याला बारा नट. आत शिरलं की उभं राहता येत नसे. रंगाच्या वासानं गनीचं डोकं उठलं आणि तो वर हवेवर आला. त्यातच टपाल आलं होतं; गुलनारचं पत्र होतं, ते त्यानं तीनदा वाचलं. परत गेला तेव्हा झाकण उघडं होतं आणि आतला दिवा बंद होता.

"पुंजा?" त्यानं हाक मारली. एकदाच.

उत्तर आलं नाही. जेवायला गेला असेल असं समजून त्यानं झाकण बसवलं आणि बाराही नट आवळले. त्यांच्यात ठरलेलं होतं: कोणी आत असताना काही झालं तर तीन आणि दोन असं ठोकायचं. ती दोघांचीच खूण होती, पुस्तकातली नव्हती.

त्या रात्री फळीवर पडल्या पडल्या त्यानं ते टोले ऐकले. खालची फळी रिकामी होती. पुंजाची रात्रपाळी असेल असं त्याला वाटलं. पाइप निवतायत, त्यानं मनाशी म्हटलं, आणि झोपला. सकाळी हजेरीत एक माणूस कमी भरला. जहाज वळवलं, विमानं आली, सगळे पाण्याकडं डोळे लावून बसले. गनीही बसला. दुसऱ्या रात्री टोले पुन्हा आले, थकलेले, लांब लांब अंतरानं. तिसऱ्या रात्री आले नाहीत.

मग चौथ्या दिवशी, कोणाला न सांगता, त्यानं ते नट काढले.

त्यानं फक्त डोकं आत घातलं होतं. हातात टॉर्च होती, तिचे सेल उतरलेले. पिवळ्या उजेडात रंगाचा डबा दिसला, कुंचला दिसला, अर्धी रंगवलेली भिंत दिसली. माणूस दिसला नाही. पण पुढं एका आडव्या पत्र्याशी ती जागा वळत होती, आणि त्या वळणापलीकडं बघायला आत उतरावं लागलं असतं. तो उतरला नाही. त्यानं हाकही मारली नाही. झाकण परत लावलं.

खोली रिकामी होती, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढच्या छत्तीस वर्षांत ते जहाज कितीदा गोदीत गेलं, कितीदा आतून खरवडून रंगवलं गेलं. काही असतं तर सापडलं नसतं का? हे सगळं खरं होतं. तो हे रोज सकाळी स्कूटर चालवताना मनात म्हणायचा, शालूबाईचं घर येईपर्यंत.

५

प्रसेनजित हा लोणारकडचा मुलगा 'मंदार'वर शेवटची सहा वर्षं होता. निवृत्तीनंतर तो जहाज बुडवायची तयारी करणाऱ्या ठेकेदाराकडं लागला होता. जुन्या लोकांच्या ग्रुपवर तो रोज फोटो टाकायचा. गनीनं त्याला फोन केला.

"काका, समदं साफ केलं. तेल नाई, वायर नाई, दारंबी काढली. पानी शिराले जागोजाग भोकं कापली. पर्यावरनवाले तपासून गेले."

"रंगाच्या खोलीमागची पोकळी?"

"तेबी उघडली. मीच उतरलो होतो."

"पार उतरला? वळनाच्या पुढं?"

"हाव. काऊन?"

"काही होतं?"

"काय असनार? कोरडी ठणठणीत होती." फोनमध्ये वारा वाजत होता, मागं लाटा. गनीला त्या आवाजानं एकदम भरून आलं. "एकच गोस्ट, काका. झाकनाच्या खाली, आतल्या अंगानं, हातभर जागेवर रंगच धरला नव्हता. पार लोखंड उघडं. घासून घासून चमकवल्यावानी. दर साली रंगवत होतो आमी, दर साली तथूनच निघे. गंजत असनार, अजून काय."

"हाव," गनी म्हणाला. "गंजच."

६

बुडवायचा दिवस गुरुवार ठरला. बुधवारी सकाळी गनीनं जार ठेवला, कप हातात घेतला, आणि सगळं सांगून टाकलं. पत्र, नट, टोले, टॉर्च. प्रसेनजितनं सांगितलेलं. रेघ पुसली जाते तेही. बोलताना तो अंगणातल्या तुळशीकडं बघत होता.

शालूबाईच्या हातात दिवसाचा पहिला पेला होता, तो तसाच भरलेला राहिला.

"झाकन उघडलं तवा तुमी आवाज दिला होता का?"

"नाई."

"काऊन?"

गनीनं छत्तीस वर्षांत या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं तयार केली होती. बोलला ते त्यातलं नव्हतं.

"भ्यालो, वहिनी. आवाज दिला अन् आतून कोनी ओ दिली असती तर..."

"तर काय?"

"दोन राती म्या आयकलं होतं. मंग मले साऱ्यायले सांगा लागलं असतं."

ओसरीवर ऊन सरकत आलं. शालूबाईनं पेला उचलला, पाणी प्यायली, एक थेंबही न सांडता पेला पालथा ठेवला.

"उद्या जार आनू नका," ती म्हणाली.

त्याला काही बोलायचं होतं, पण तिनं दार लोटून घेतलं होतं. सावकाश, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला घरी जाईपर्यंत वाटत राहिलं.

७

तरी तो गुरुवारी गेला. जार नव्हता, फक्त मोबाइल होता. घराचं दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं. शालूबाई वावरात होती. जहाजाच्या मधोमध, जेवणाच्या खोलीत, एका पाटावर बसलेली. नवी हिरवी नऊवारी नेसली होती. कपाळाला कुंकू.

"या," ती म्हणाली. एवढंच.

त्यानं दाराच्या फटीतून आत येऊन मोबाइल पाण्याच्या रिकाम्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर समुद्र होता. निळा नाही, पांढुरका. मधे मंदार, रंग उडालेलं, तोफा काढलेलं, उघडंबोडकं. भोंग्यावरून कोणीतरी हिंदीत त्याची कामगिरी वाचून दाखवत होतं. लहान बोटीत उभ्या असलेल्या माणसांनी सलाम केला. अब्दुल गनीनंही उभं राहून सलाम केला. केव्हा केला ते त्याला कळलं नाही.

"किती एकटं दिसून राह्यलं," शालूबाई म्हणाली.

साडेदहाला झडपा उघडल्या. बराच वेळ काहीच घडलं नाही. जहाज हट्टानं तसंच उभं होतं. मग मागचं टोक थोडं जड झाल्यासारखं वाटलं, कापलेल्या भोकांतून पाणी आत ओढलं जाऊ लागलं. आतलं इंजिन गनीनं दहा वर्षं पुसलं होतं. त्याच्या तारुण्याचा सगळा वास त्या लोखंडात होता, आणि ते लोखंड आता खाली चाललं होतं.

त्याला वास आला. डिझेल, मीठ आणि ओला रंग.

तो वळला. वावराच्या मागच्या टोकाला, सुकाणूच्या खोलीत, माती काळीभोर झाली होती. भिजलेली. मोतीरामचा पाइप फुटला असेल, त्यानं मनाशी म्हटलं. पण ओल रेघेच्या बाहेर एक बोटभरही येत नव्हती. खोली भरली, की दाराच्या फटीतून ती पुढच्या खोलीत शिरत होती. इंजिनची खोली काळी झाली. भेगांमधून पाण्याचा बुडबुड आवाज येऊ लागला. मोबाइलवर मंदारचं मागचं टोक पाण्याखाली गेलं, आणि इकडं भटारखाना भिजला.

"वहिनी, उठा," तो म्हणाला. पाट रिकामा होता.

ती त्या बिनदाराच्या चौकटीत बसली होती. रेघ कुठंच पुसलेली नव्हती. चौकटीच्या आतली माती कोरडी, भेगाळलेली, राखाडी होती, आणि शालूबाई तिच्यात मांडी घालून, मान खाली करून, कोणाशी तरी कुजबुजत असल्यासारखी बसली होती.

गनी धावला. चार पावलांत तिरपं जाता आलं असतं, पण तो बोळातून धावला, प्रत्येक दाराशी मान वाकवत. पायाखालचा चिखल घोट्यापर्यंत चढत होता आणि गार होता, एप्रिलच्या मातीत कधी नसतो इतका गार. चौकटीपाशी पोचून त्यानं तिला ओढून काढायला हात पुढं केला.

हात थांबला.

समोर काही नव्हतं. ऊन होतं, पलीकडं बांधावरचं बाभळीचं झाड दिसत होतं. आणि त्याचा तळहात एका सपाट, थंड, रंगवलेल्या लोखंडावर टेकला होता. ते थरथरत होतं. आतून कोणीतरी ठोकत होतं.

टक, टक, टक. टक, टक.

मन सांगत होतं, तुला ऊन लागलंय, बस, डोकं खाली घाल, डोळे मीट. ते मन अगदी शहाणं होतं. त्यानं याआधीही गनीला असंच वाचवलं होतं.

गनीनं मूठ वळली आणि ठोकलं. तीन. दोन.

"पुंजा!" तो ओरडला. "पुंजा, मी हाये बे! गनी! आयकून राह्यलो!"

आतले टोले थांबले.

त्या क्षणी, डोळ्याचं पातं लवावं तेवढाच वेळ, त्याला दिसलं. शालूबाईच्या हिरव्या लुगड्याचा पदर सरळ आडवा ताणलेला होता. वारा नव्हता. तिच्यासमोर खाली, ढेकळांच्या पातळीला, कोणीतरी दोन्ही मुठींनी तो धरून ठेवल्यासारखा. आणि शालूबाई त्या मुठी जिथं असतील तिथं वाकून, आपल्या हातांनी त्या हलकेच सोडवत होती, मूल झोपल्यावर बोटं सोडवतात तशी.

मोबाइलवर टाळ्या वाजल्या. कोणीतरी जयघोष केला. गनीचा हात एकदम पुढं गेला आणि तो तोल जाऊन चौकटीत पालथा पडला.

८

उठून बसला तेव्हा वावर कोरडं होतं. सगळं वावर, मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत. फक्की मात्र राहिली नव्हती. एकही रेघ नाही, जणू कोणी आखलंच नव्हतं. मोबाइलवर पाण्याचा गोल फेसाळ डाग दिसत होता आणि तोही हळूहळू निवत होता.

शालूबाईची पावलं चिखलानं माखलेली होती. ती उठली नव्हती. दम लागल्यासारखी श्वास घेत होती, पण चेहऱ्यावर दुखणं नव्हतं. गनीनं तिला असं पाहिलं होतं ते फक्त एकदा, तिच्या लग्नात, बोहल्यावर.

"वहिनी," तो म्हणाला. "होता का तो?"

ती बांधाकडं बघत होती.

"पाय सुजले का म्हून पुसलं त्याईनं. पोरगी कशी दिसते ते पुसलं. म्या सांगतलं, तुमच्यावानी." ती थांबली. "पानी पाह्यजे का म्हून म्या पुसलं तर नाई म्हने."

गनी रडू लागला. लाज वाटावी असं, मोठ्यानं. बांधावर मोतीराम येऊन उभा राहिला होता. तो काही न विचारता मागं फिरला.

"माह्याबद्दल?" शेवटी गनीनं विचारलं. "माह्याबद्दल काही बोलला?"

शालूबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडं वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर त्याला आधार झाला असता. ती हसली, घरातल्या माणसाकडं बघून हसावं तशी.

"गनी आला का, म्हून पुसलं."

"मंग? तुमी काय सांगतलं?"

"म्या म्हटलं, येऊन राह्यला."